शेपटीत किती शिसे घालायचे? दोन भागीदारांच्या एका ग्लायडरचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका आसनाच्या, १५ मीटर पंखविस्ताराच्या फायबरग्लासच्या ग्लायडरचे, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाचे आहे. त्याचे दोन मालक होते. त्यांना येथे अ आणि ब म्हटले आहे. ओळख पटू नये म्हणून ग्लायडरचा प्रकार सांगितलेला नाही आणि आकडे थोडे गोल केले आहेत, पण त्यांचा एकमेकांशी असलेला हिशेब जसाच्या तसा ठेवला आहे. अ हे उंच आणि धिप्पाड. पॅराशूटसह त्यांचे वजन १०५ किलो भरत असे. ब यांचे वजन पॅराशूटसह ७२ किलो होते. म्हणजे एकाच आसनात आलटून पालटून बसणाऱ्या दोघांच्या वजनात ३३ किलोंचा फरक होता, आणि हा सगळा फरक पंखाच्या पुढे पडत होता.

या ग्लायडरची सर्व अंतरे पंखाच्या मुळाशी असलेल्या अग्रकडेपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) मोजली जातात. उड्डाणाच्या वेळी गुरुत्वमध्य या कडेच्या मागे २५० ते ४०० मिलिमीटरच्या पट्ट्यात असावा, असे उड्डाणपुस्तिका सांगते. वैमानिकाचे वजन कडेच्या ५६० मिलिमीटर पुढे धरायचे आणि टेलव्हील (शेपटीखालचे चाक) कडेच्या ४,१२० मिलिमीटर मागे. या दोन अंतरांतच शेपटीतील वजनाचे सगळे मर्म आहे. मागच्या मर्यादेपाशी हिशेब केला, तर टेलव्हीलजवळ ठेवलेला प्रत्येक किलो वैमानिकाचे किमान आवश्यक वजन (याहून हलका वैमानिक बसला तर गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेबाहेर जातो) जवळपास ३.९ किलोंनी वाढवतो.

अडचण

अ यांची तक्रार अशी होती की ग्लायडर ‘नाकात जड’ झाले आहे. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात) ४५ अंशांच्या वळणात स्टिक (हाताने चालवायचा नियंत्रणदांडा) अगदी पोटाशी घ्यावी लागत होती, ट्रिमचा (स्टिकवरचा ताण हलका करणाऱ्या यंत्रणेचा) दांडा मागच्या टोकाला जाऊनही हातावरचा ताण सुटत नव्हता, आणि उतरताना शेवटच्या क्षणी नाक वर धरायला एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पृष्ठाचा हलता भाग) जेमतेम पुरत होता. गुरुत्वमध्य पुढे असला की शेपटीच्या आडव्या पृष्ठाला जास्त जोराने खाली दाबावे लागते; तेवढा भार पंखाला जास्त उचलावा लागतो आणि हवेचा विरोध वाढतो. तक्रार शास्त्राला धरूनच होती. प्रश्न एवढाच होता की पूर्वी हेच ग्लायडर अ यांना सुसह्य वाटत होते, मग आताच असे का व्हावे?

अ यांनी उपायही ठरवून टाकला होता. या प्रकारच्या ग्लायडरमध्ये टेलव्हीलच्या वर, उभ्या पृष्ठाच्या तळाशी, जास्तीत जास्त ६ किलो वजन बसवण्याची मुभा निर्मात्याच्या तांत्रिक सूचनेत आहे. ६ हा आकडा त्यांच्या मनात घर करून बसला. कमाल मर्यादा म्हणून दिलेला आकडा वाचणाऱ्याला शिफारस वाटू लागतो, हे अशा कामांत वारंवार दिसते. शिशाच्या गोळ्या रेझिनमध्ये कालवून त्या खोबणीत ओतायच्या, असा त्यांचा बेत होता. ब यांनी विरोध केला नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले की शेवटचे वजन कधी झाले होते.

पहिला निर्णय: आधी वजन करणे

येथे परवानाधारक निरीक्षकाने काम थांबवले आणि जुने वजनपत्रक मागवले. त्या पत्रकानंतर दोन बदल झाले होते. उभ्या पृष्ठातील सुमारे २.५ किलोंची शिसे-आम्ल बॅटरी काढून जागेवर १ किलोची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली होती. त्याखेरीज पॅनेलवर नवी उपकरणे आली होती आणि त्यांनी नाकाकडे साधारण १ किलो वाढवला होता. दोन्ही बदलांची नोंद होती, पण ‘वजनात किरकोळ फरक’ असे लिहून फेरवजन टाळले होते. दीड किलो किरकोळ खरेच, पण तो अग्रकडेच्या ३,९०० मिलिमीटर मागे होता.

वजन करताना ग्लायडर उड्डाणाच्या स्थितीत समपातळीत असावे लागते. त्यासाठी शेपटीच्या नळीवर पाचरीचा साचा ठेवून त्यावर पाणसळ लावतात आणि साचा सपाट दाखवेपर्यंत टेलव्हील उचलतात. पहिल्या खेपेस टेलव्हीलखाली काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून वाचन घेतले. दुसऱ्या खेपेस ग्लायडर थोडे मागे-पुढे ढकलून पुन्हा काट्यावर घेतले, तर शेपटीचे वाचन ०.४ किलोने वेगळे आले. चाक काट्यावर आडवे दाबले जात होते आणि हँगरच्या अर्धवट उघड्या दारातून येणारा वारा आडव्या पृष्ठावर काम करत होता. दार बंद केले, चाकाखाली सरकणारी पट्टी घातली, ठोकळ्याचे वजन वजा केले, तेव्हा वाचने जुळू लागली. ०.४ किलो ऐकायला क्षुल्लक वाटते. या रिकाम्या ग्लायडरवर तेवढ्या चुकीने गुरुत्वमध्य ६ मिलिमीटरहून अधिक सरकतो. पुढच्या एका निर्णयात हाच आकडा कामी आला.

रिकामे वजन २५० किलो आणि टेलव्हीलवर ३१ किलो असे अंतिम वाचन ठरले. मुख्य चाक अग्रकडेच्या १२० मिलिमीटर मागे आणि दोन चाकांतील अंतर ४,००० मिलिमीटर, म्हणजे रिकाम्या ग्लायडरचा गुरुत्वमध्य ३१ गुणिले ४,००० भागिले २५० अधिक १२०, बरोबर ६१६ मिलिमीटरवर. जुन्या पत्रकानुसार तो ६४२ वर होता. कॉकपिटमधील पाटीवर किमान वजन ६५ किलो लिहिले होते, तर नव्या वजनानुसार ५६ किलोंचा वैमानिकही चालला असता. पाटी चुकीची होती, पण सुरक्षित बाजूला चुकीची होती, म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही.

त्यानंतर अ यांना पॅराशूट घालून आसनात बसवले आणि पुन्हा शेपटीचे वाचन घेतले. ते १३.७ किलो आले. म्हणजे त्यांच्यासह गुरुत्वमध्य २७४ मिलिमीटरवर. पुस्तिकेतले ५६० मिलिमीटर धरले असते तर उत्तर २६८ आले असते. उंच माणूस पाठीची टेकण मागे नेऊन बसतो, त्यामुळे त्याचे वजन प्रत्यक्षात थोडे कमी पुढे पडते. ब यांचे वाचन मात्र पुस्तिकेशी जुळले आणि त्यांचा गुरुत्वमध्य ३५३ मिलिमीटरवर आला, पट्ट्याच्या मध्याच्या थोडा मागे आणि निर्धोक.

पर्याय

काहीच न करणे हा पहिला पर्याय होता आणि तो वैधही होता, कारण २७४ हे स्थान मर्यादेत बसते. अ यांना ते मान्य नव्हते, आणि उतरताना एलिव्हेटर अपुरा पडणे ही केवळ सोयीची बाब नाही, हे निरीक्षकालाही पटले.

अ यांच्या ६ किलोंचा हिशेब मांडताच चर्चेचा सूर पालटला. त्यांच्यासाठी गुरुत्वमध्य ३३८ वर आला असता, अगदी हवा तिथे. पण किमान वजन जवळपास ८० किलोंवर गेले असते, आणि ब त्याच ग्लायडरमध्ये बसल्या असत्या तर गुरुत्वमध्य ४२२ वर, मागच्या मर्यादेच्या २२ मिलिमीटर बाहेर. गुरुत्वमध्य मागे सरकला की स्टिकवरचा जोर कमी होतो, थोड्याशा हालचालीने नाक फार हलते, विंचच्या दोराने ओढून निघताना नाक एकदम वर उसळू शकते, आणि ग्लायडर स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली कोसळण्यात) सहज शिरते पण बाहेर यायला वेळ लावते किंवा येतच नाही. ग्लायडिंगच्या जगात टेल डॉली (जमिनीवर ढकलताना शेपटीला लावायचे चाक) काढायची विसरून केलेली उड्डाणे याच कारणासाठी कुप्रसिद्ध आहेत: काही किलो वजन, पण शेपटीच्या टोकाला. शिवाय जडत्वाचे परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतात. शेपटीतले ६ किलो गुरुत्वमध्यापासून पावणेचार मीटरवर असतात, आणि स्पिन थांबवताना रडरला (उभ्या पृष्ठाच्या हलत्या भागाला) त्यांचाही वेग मोडावा लागतो. हे गुरुत्वमध्याच्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

रेझिनमध्ये कालवलेल्या गोळ्यांचा बेत तर वजनाचा विचार न करताही बाद ठरला. असे वजन पुन्हा काढता येत नाही, त्याखालची तडा गेलेली जागा तपासता येत नाही, पाणी निघण्याचे छिद्र बुजण्याचा धोका असतो, आणि रडरची केबल त्याच भागातून जाते. हँगरमधील एकाने रडरच्या खालच्या टोकाला शिशाची पट्टी चिकटवण्याचे सुचवले. चालत्या पृष्ठांचा भार-समतोल फ्लटर (हवेत पृष्ठाचे अनावर थरथरणे) टाळण्यासाठी काटेकोर ठेवलेला असतो; तेथे ग्रॅमचाही हिशेब असतो, त्यामुळे या सूचनेवर चर्चा झाली नाही.

शेपटीत स्थिर ६ किलो ठेवून ब यांनी उडताना पेडलपाशी नाकात साडेतीन किलोंचे वजन लावायचे, असा एक मधला मार्ग निघाला. कागदावर तो नीट जमत होता आणि अ यांना लगेच आवडला. दुसरा मधला मार्ग याच्या उलट होता: शेपटीत काढता-घालता येणारे वजन ठेवायचे आणि ते फक्त अ यांनी लावायचे.

निर्णयाचा मुद्दा

या दोन मार्गांतला फरक विसरभोळेपणाचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच होता. नाकातले वजन लावायला ब विसरल्या, तर ग्लायडर मर्यादेबाहेर जाते. शेपटीतले वजन लावायला अ विसरले, तर ते फक्त पूर्वीसारखे नाकात जड राहते. पहिल्या मार्गात अ यांच्या सोयीचा सगळा धोका ब यांच्या स्मरणशक्तीवर टाकला जात होता. म्हणून तो सोडला.

पण दुसरा मार्गही पूर्ण सुरक्षित नव्हता, कारण अ वजन काढायला विसरले की ते ब यांच्या डोक्यावर येते. शेपटीतले वजन कॉकपिटमधून दिसत नाही. डीजी-१००० या दोन आसनी ग्लायडरमध्ये उभ्या पृष्ठातील पेटीत किती वजन आहे हे पॅनेलवरचा दिवा सांगतो; आपल्या ग्लायडरमध्ये अशी सोय नव्हती. एएसके २१ या प्रशिक्षणाच्या ग्लायडरमध्ये स्पिन शिकवण्यासाठी शेपटीला चकत्या लावतात, तेथेही वैमानिकांच्या वजनाचे तक्ते आणि उड्डाणापूर्वीची तपासणी यांवरच सगळे चालते.

तेव्हा निरीक्षकाने प्रश्न उलटा विचारला. अ यांना किती वजन हवे आहे, हा प्रश्न बाजूला ठेवून, ते काढायचे राहून गेले तरी ब मर्यादेतच राहतील असे जास्तीत जास्त वजन किती, हे शोधायचे. एकूण ४ किलोंवर ब यांचा गुरुत्वमध्य ३९९ येत होता. कागदावर मर्यादेत, पण वजनाच्या दिवशी ६ मिलिमीटरची चूक कशी होते हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून त्या एका मिलिमीटरवर कोणीही विसंबायला तयार नव्हते. साडेतीन किलोंवर तो ३९३.५ येत होता. शिल्लक साडेसहा मिलिमीटर, म्हणजे मोजमापातील संभाव्य चुकीएवढी. आकडा तेथे ठरला.

त्याची विभागणी अशी केली: २ किलो कायमचे बोल्टने बसवायचे, कारण त्याने किमान वजन ६४ किलोंवर येते आणि पाटीवरचे ६५ तसेच राहते, उरलेले दीड किलो काढता येणाऱ्या पट्टीत ठेवायचे. पट्टीसह किमान वजन ६९.८ किलो होत होते, म्हणून पाटीवर दुसरी ओळ आली: पट्टी असताना ७० किलो. पंखाव्यतिरिक्तच्या भागांचे एकत्रित वजनही तपासले; अ यांच्यासह ते २३२.५ किलो होत होते आणि मर्यादा २४० होती. जड वैमानिकांच्या बाबतीत ही मर्यादा अनेकदा गुरुत्वमध्याच्या आधी आडवी येते आणि तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते.

अ नाराज होते. त्यांना ३३८ हवे होते आणि मिळाले ३१२. भागीदारीतल्या इतर वादांप्रमाणे येथेही जास्त तास उडणाऱ्याचा हक्क मोठा, असा सूर काही काळ निघाला. ब यांचे उत्तर थोडके होते: तासांचा हिशेब वेगळा मांडू, पण मर्यादेचा हिशेब दोघांचा एकच आहे.

काम आणि चाचणी

शिशाच्या दोन पट्ट्या खोबणीच्या आकाराला कापून, कडा घासून, रंगाचा थर देऊन आणि धातूशी थेट स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये पातळ रबर घालून बसवल्या. सेल्फ लॉकिंग नट लावून त्यावर लाल रंगाची रेघ मारली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. रडर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून केबल कोठे घासत नाही ना, हे झाकण उघडे असतानाच पाहिले. काढती पट्टी अ यांच्या पॅराशूटच्या पिशवीत ठेवायची, असे ठरले. ती पिशवी आवरताना पट्टी नसेल तर ती शेपटीत आहे हे ताबडतोब कळते. या साध्या युक्तीचा उपयोग कोणत्याही तपासणी यादीपेक्षा अधिक झाला, असे मला वाटते. नंतर पुन्हा वजन केले. हिशेब आणि काटा जुळले, नवे वजनपत्रक आणि नवी पाटी लागली.

चाचणी उड्डाणे पुरेशा उंचीवर झाली. अ यांनी आधी स्थिर वजनावर आणि लगोलग त्याच दिवशी पट्टीसह उड्डाण केले: स्टॉल (पंखाची उचल तुटणे), दोन्ही दिशांची तीव्र वळणे, ट्रिमचा पूर्ण पल्ला. थर्मलच्या वेगाला ट्रिमचा दांडा मागच्या टोकावरून दोन खाचा पुढे आला आणि उतरताना एलिव्हेटर शिल्लक राहू लागला. ब यांनी पट्टीशिवाय पुस्तिकेनुसार स्टॉल आणि स्पिनची सुरुवात तपासली; वर्तन पूर्वीपेक्षा किंचित चपळ, पण सावरण्यात फरक नाही.

पुढे काय झाले

हंगामभर व्यवस्था सुरळीत चालली. पुढच्या हंगामाच्या आरंभी ब यांनी जुने पॅराशूट बदलून हलके घेतले, मधल्या काळात त्यांचे स्वतःचे वजनही थोडे उतरले होते, आणि सर्व मिळून त्या ६९ किलोंवर आल्या. पट्टीशिवाय ६५ ची पाटी त्यांना पुरेशी होती, म्हणून उड्डाणांत काही चूक झाली नाही. मात्र पट्टी राहून गेली असती तर गुरुत्वमध्य ४०२ वर गेला असता. ज्या एका अटीवर साडेतीनचा आकडा ठरला होता, ती अट गुपचूप मोडली होती. हे कोणत्याही तपासणीत आढळले नाही. नवे पॅराशूट घालून ब स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या म्हणून कळले.

पुन्हा बसून हिशेब झाला. पट्टी कापून अर्ध्या किलोची केली असती तर ब यांचा आकडा ३९१ येत होता, पण अर्ध्या किलोसाठी दोन ओळींची पाटी आणि रोजची काळजी बाळगण्यात अर्थ नव्हता. ब यांच्या आसनाखाली शिशाची चकती बांधणे म्हणजे फिरून त्यांच्याच स्मरणशक्तीवर येणे. शेवटी अ यांनीच सुचवले की काही दिवस पट्टीशिवाय उडून पाहतो. त्यांचा गुरुत्वमध्य त्यामुळे ३१२ वरून २९६ वर गेला. त्यांचे निरीक्षण असे होते की २७४ आणि २९६ मधला फरक हाताला स्पष्ट जाणवला होता, २९६ आणि ३१२ मधला जवळजवळ जाणवत नाही.

काय वेगळे करता आले असते

बॅटरी बदलली त्याच दिवशी फेरवजन झाले असते, तर पुढची बरीच चर्चा टळली असती. जुन्या बॅटरीच्या जागी हलकी बॅटरी अधिक दीड किलोंची स्थिर पट्टी, एवढ्यानेच बहुतेक तक्रार मिटली असती. शेपटीतील कोणताही भाग बदलताना ‘किरकोळ’ हा शेरा लिहिण्यापूर्वी अंतराने गुणून पाहायला हवे होते.

चाचणीचा क्रमही चुकला. २ किलो आणि साडेतीन किलो यांची उड्डाणे एकाच दिवशी झाल्याने कोणत्या किलोने काय साधले हे अ यांना सांगता आले नाही, आणि सुधारणेचे सारे श्रेय शेवटच्या पट्टीला गेले. स्थिर वजनावर काही आठवडे उडून मग पट्टीचा विचार केला असता, तर ती कदाचित बनलीच नसती. आणि दोन ओळींची पाटी हीच मुळात शंकास्पद तडजोड होती: घाईत वाचणारा आपल्याला सोयीची ओळ वाचतो.

दोन्ही भागीदारांची पॅराशूटसह वजने आता दर हंगामाच्या आरंभी वजनपत्रकाला जोडली जातात. शेपटीत २ किलो आहेत, पाटीवर ६५ ही एकच ओळ आहे, आणि काढत्या पट्टीची नोंद कागदपत्रांतून रद्द केली आहे.